पोरांच्या शाळेची उगवण तपासा

(जिल्हा मेळाव्यात केलेलं भाषण, टिपणावरून उतरवून)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, पीकविम्यावर झालं, शेतीपंपाच्या विजेवर झालं. आता जेवणाची वेळ होत आली आणि आम्ही शाळेचा विषय काढतो आहोत. कुणी म्हणेल, हा विषय मास्तरांच्या संघटनेचा, तो शेतकऱ्यांच्या मेळाव्यात कशाला? त्याला आधी एक हिशेब सांगतो.

एका कास्तकाराच्या ओसरीवर बसून आम्ही हा हिशेब कागदावर मांडला. पोरगं एक. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातं. फी वर्षाला २० हजार. पिवळ्या व्हॅनचे महिन्याला ९००, दहा महिन्यांचे ९ हजार. गणवेश, बूट, टाय, पुस्तकं ४ हजार. एकूण ३३ हजार. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. भागाकार करा. सव्वाचार क्विंटलच्या वर कापूस होतो. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर आपण देवाचे आभार मानतो. म्हणजे बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी यातला एक रुपयाही न काढता एक अख्खा एकर एका पोराच्या शाळेला गेला. तोही हमीभाव हातात पडला तर. पोरं दोन असली तर दोन एकर. ज्याच्याकडे जमीनच पाच एकर आहे, त्यानं उरलेल्या तीन एकरांत खायचं काय आणि बँकेला द्यायचं काय?

उत्पादन खर्चाच्या तक्त्यात हा खर्च नसतो. पीककर्जाच्या कागदावर नसतो. पण प्रत्येक घरात तो होतो. म्हणून हा विषय शेतकऱ्यांचा आहे.

आमची कबुली

दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी आमचं सांगतो. आम्ही दोघं नवराबायको. आमचं शिक्षण कृषी पदवीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकलो, पाटीवर पेन्सिल घासून, आणि तिथून कृषी विद्यापीठापर्यंत गेलो. पण आमची मुलगी पहिलीला जायची झाली, जून २०१६, तेव्हा आम्ही तिला व्हॅनमध्ये बसवलं. कारण विचाराल तर सगळ्यांचं असतं तेच. शेजारच्यांची पोरं जात होती. टाय दिसत होता. इंग्रजी आलं नाही तर पोरीचं आपल्यासारखं होईल, ही भीती होती.

त्या वर्षी गावच्या शाळेचा पट होता ६२. जूनमध्ये तीन पोरं व्हॅननं गेली, त्यात एक आमची. पट झाला ५९. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात पहिली ते पाचवीचं गणित असं आहे : ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत तीन. आता लक्षात आलं असेल. तीन पोरं गेली आणि तिसऱ्या शिक्षकाची जागा गेली. पाच वर्ग आणि दोन मास्तर. एका खोलीत पहिली-दुसरी, एका खोलीत तिसरी-चौथी-पाचवी. मास्तर चौथीला भागाकार सांगतो तोवर तिसरी गोंधळ घालते. मग आणखी चार आईबाप म्हणाले, इथं शिकवणंच होत नाही, आणि त्यांनीही व्हॅन धरली.

बांधाला पडलेलं भगदाड असंच वाढतं. पहिल्या पावसात हातभर, दुसऱ्यात वावभर, तिसऱ्या पावसात माती सगळी नाल्यात. त्या बांधाचा पहिला दगड आम्ही काढला होता. हे आम्हाला त्या वेळी कळलं नाही. कळलं ते तीन वर्षांनी.

काटापट्टी आणि कविता

२०१९ ची दिवाळी. कापूस विकून आम्ही घरी आलो. मुलगी तेव्हा चौथीत. पाहुण्यांपुढे तिनं इंग्रजी कविता हातवारे करून म्हटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही सहज म्हणून जिनिंगची काटापट्टी तिच्यापुढे धरली, म्हटलं, बेटा, वाच. वजन किती, भाव किती, कट्टी किती. तिला वाचता आलं नाही. आम्हाला वाटलं, मराठी आहे म्हणून अडली असेल. तिचंच इंग्रजीचं पुस्तक काढलं, जो धडा झालेला नव्हता तो उघडला. तोही वाचता आला नाही. कविता पाठ होती. अक्षरं ओळखीची नव्हती.

शेजारच्या घरचा तिच्याच वयाचा पोरगा, गावच्या शाळेतला. त्यानं काटापट्टी अडखळत का होईना वाचली. पण वजनाला भावानं गुणायला सांगितलं तर तो गप्प झाला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पैसे गेले याचं दुःख नव्हतं. पोरीची चार वर्षं गेली, आणि आम्ही एकदाही तपासून पाहिलं नाही, याचं दुःख होतं.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसं. गावोगाव जाऊन तुम्हाला काय सांगतो? पेरणीआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडा, गुंडाळी करा, पाणी शिंपडत राहा, आठवडाभरानं उलगडून मोजा. पिशवीवरच्या चित्राला भुलू नका. प्रमाणित ज्वारीच्या बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के लागते. त्याखाली बियाणं नापास. तुम्ही ते करता. आणि पोटच्या पोरांच्या बाबतीत आपण सगळे पिशवीवरचं चित्र पाहतो. टाय, बूट, व्हॅन, फाटकावरची इंग्रजी पाटी. आत दाणा जिवंत आहे की नाही, कुणी मोजत नाही.

देशभराची मोजणी झालेली आहे. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन पोरांचं वाचन तपासते, ‘असर’ नावानं अहवाल काढते. पाचवीच्या पोराला दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट वाचायला देतात. ग्रामीण भारतात ती वाचू शकणारी पोरं २०१८ साली १०० पैकी ५०, कोरोनानंतर २०२२ साली ४३, आणि २०२४ साली ४९. सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळा धरून. शंभरातले ४९ दाणे उगवतात, असं बियाणं तुमच्यापैकी कोण पेरेल?

एकाधिकार आणि मोकळीक

आता आपल्यातलाच एक कार्यकर्ता उठून विचारेल, आणि त्यानं विचारलंच पाहिजे : कापूस एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली, तिनं आपल्याला एकाच गिऱ्हाइकाच्या दाराशी बांधलं, म्हणून आपण तिच्याविरुद्ध उभे राहिलो. मग शाळेच्या बाबतीत जिल्हा परिषदेचा एकाधिकार का चालवून घ्यायचा? सरकारनं शाळेला पैसा देण्याऐवजी आईबापाच्या हाती द्यावा. जिथं चांगलं शिकवतात तिथं पोरगं जाईल. वाईट शाळा बंद पडेल.

प्रश्न रास्त आहे. आईबापाला निवड असलीच पाहिजे. व्हॅननं पोरं पाठवणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही; आम्हीच पाठवलं होतं. पण निवड म्हणजे काय ते नीट पाहू.

हे करून पाहिलेलं आहे, आणि लांब कुठं नाही, आपल्या शेजारी आंध्र प्रदेशात. २००८ पासून चार वर्षं, १८० गावांत. सरकारी शाळेतल्या पोरांच्या आईबापांना विचारलं, खाजगी शाळेत घालायचं का? हो म्हणणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची फी भरली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षांनी सगळ्यांची परीक्षा घेतली आणि २०१५ साली निकाल छापला. तेलुगू आणि गणितात चिठ्ठी निघालेली पोरं आणि न निघालेली पोरं सारखीच निघाली. हिंदीत खाजगीवाली पुढं होती, कारण त्या शाळांत हिंदीला वेळ दिला जात होता.

अर्धा निकाल ऐकून टाळ्या वाजवू नका, उरलेला अर्धाही ऐका. खाजगी शाळेचा दर पोरामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे हा निकाल आईबापाला सांगतो की व्हॅन पकडल्यानं भाषा आणि गणित आपोआप येत नाही. आणि सरकारला सांगतो की तिप्पट खर्च करून तू तेवढंच पीक काढतोस. दोघांनीही मान खाली घालावी असा हा निकाल आहे. आमच्या ओसरीवर त्या दिवाळीत दिसलं ते याहून वेगळं नव्हतं.

शिवाय कापूस आणि शाळा यांत एक मोठा फरक आहे. कापसाचा भाव काट्यावर कळतो. एक व्यापारी मारतो आहे असं दिसलं तर गाडी पुढच्या जिनिंगला नेता येते. शाळेचा माल दहा वर्षांनी हाती येतो. तेव्हा गाडी वळवता येत नाही. आणि गिऱ्हाईक निवडायला दारात निदान दोन गिऱ्हाइकं तरी हवीत. साठ पोरांच्या गावात दोन शाळा उभ्या राहत नाहीत. तिथं निवड एवढीच उरते : ज्याच्याकडे ३३ हजार आहेत तो जाईल, ज्याच्याकडे नाहीत त्याची पोरं फुटक्या बांधाच्या शेतात राहतील. आणि ती बहुतेक मुलीच असतील, कारण पैसे एकाचेच असले की व्हॅनमध्ये पोरगा बसतो. हे मायबहिणींना आम्ही सांगायला नको.

कायद्यात गरिबासाठी एक दार ठेवलेलं आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या पोरांना मोफत. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला : ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला ही सक्ती नाही. म्हणजे दाराला कडी. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली, जुलै २०२४ मध्ये बदल रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला. चांगलं झालं. पण हे दार उघडतं कुठं? शाळेपासून अंतर मोजून प्रवेश देतात. आपल्या कोरडवाहू गावांच्या आसपास अशी शाळाच नाही. आणि जिथं आहे तिथंही हक्क आठवीपर्यंतचा. नववीला फीची पावती हातात येते. म्हणून ते दार उघडं राहिलंच पाहिजे, पण आपल्या गावाचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

बंद करणं सोपं

सरकारला दुसरा मार्ग सोपा वाटतो. पट कमी, शाळा बंद. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून पोरं दुसरीकडे पाठवायचं ठरलं. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढं आला. कागदावर हे चांगलं दिसतं. एका ठिकाणी जास्त पोरं, जास्त शिक्षक, खेळाचं मैदान. पण नाला मध्ये येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुलावरून पाणी जातं. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. पण पास दाखवायला एसटी यावी लागते.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. गावची प्राथमिक शाळा उपाशी राहते. त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशाला तो कायदा करायला २००९ साल उजाडलं. कायदा झाला, आता शाळा चालवायची कुणी?

अलाहाबाद उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये सांगितलं होतं की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आणि निवडून आलेल्यांनी आपली पोरं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. अंमल झाला नाही. होणारही नव्हता. साहेबाचं पोरगं आपल्या शाळेत येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. आपली पोरं तिथं आहेत, तेव्हा पाहणं आपल्यालाच आहे.

आम्ही काय केलं

दिवाळीनंतर आम्ही पारावर एक सतरंजी टाकली. तिसरी ते पाचवीची अकरा पोरं बोलावली, सहा गावच्या शाळेची, पाच व्हॅनची. दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट वाचायला दिली. व्हॅनच्या पोरांना मराठी किंवा इंग्रजी, जी येईल ती. ६२ मधून ३७ वजा करायला सांगितले. ८७५ ला ७ नं भागायला सांगितलं. गावच्या शाळेच्या सहापैकी तिघांनी गोष्ट वाचली, व्हॅनच्या पाचपैकी दोघांनी. भागाकार गावच्या दोघांना आला, व्हॅनच्या एकाला. आमची मुलगी न येणाऱ्यांत होती. सगळ्या गावासमोर.

काही जण मास्तरांच्या अंगावर जाऊ लागले. आम्ही थांबवलं. मास्तरांना बोलू द्या म्हटलं. ते म्हणाले, दोन माणसं, पाच वर्ग, त्यात रोज ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराचा हिशेब ठेवा, मतदार यादीचं काम करा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं कायदाच सांगतो. पण तो कायदा मास्तरांनी एकट्यानं दाखवला तर त्याची बदली होते. गावानं दाखवला तर साहेबाला विचार करावा लागतो.

मग कळलं की गावाच्या हातात हत्यार होतंच. शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार त्यांचा. आमच्या समितीच्या सभा वहीत होत होत्या. दुपारी बाराला सभा, वेचणीच्या दिवसांत. कोण येणार? वही घरोघर फिरायची आणि सह्या व्हायच्या. आम्ही सभा संध्याकाळी घ्यायला लावली. पहिल्या सभेला एकवीस बाया आल्या.

त्या सभेत एकच गोष्ट ठरली. रोज पहिले दीड तास वाचन आणि गणित, आणि तेही इयत्तेप्रमाणे नाही, पायरीप्रमाणे. ज्याला अक्षरं येत नाहीत तो अक्षरांच्या गटात, मग तो चौथीतला का असेना. ही पद्धत ‘प्रथम’वाल्यांनी ठिकठिकाणी वापरलेली आहे. गावातली बारावी झालेली एक सून एक गट सांभाळायला पुढं आली.

चार महिने झाले आणि मार्च २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद पडल्या. व्हॅनची शाळा फोनवर गेली. आमच्या गावात नेटवर्क चढतं ते पाण्याच्या टाकीवर. फीचा निरोप मात्र वेळेवर यायचा. पुढं मोकळीक मिळाली तशी गावचे मास्तर ओट्यावर, झाडाखाली चार-चार पोरं घेऊन बसू लागले. आमची मुलगी पाचवीला गावच्या शाळेत आली. तिला अक्षरांच्या गटात बसावं लागलं, धाकट्यांबरोबर. ती रडली. आम्हीही. वर्षाच्या शेवटी तिनं काटापट्टी वाचून दाखवली, आणि कट्टीत दोन किलोची चूक काढली. आज ती दहावीला आहे. धाकटा गावच्या शाळेत चौथीला आहे.

चमत्कार झाला असं समजू नका. पट आज ४१ आहे. तिसऱ्या शिक्षकाची जागा अजून परत आलेली नाही. आणि कोरोनात जे झालं ते टिकलंही नाही. ‘असर’च्याच आकड्यांत ग्रामीण भारतात सरकारी शाळेतली पोरं २०१८ ला १०० पैकी ६६ होती, २०२२ ला ७३ झाली, २०२४ ला परत ६७ वर आली. लोक दारात आले, आत पाहिलं आणि परत गेले. त्यांना थांबवणारं तिथं काही असतं तर ते थांबले असते.

ठराव

म्हणून या मेळाव्यापुढे पाच गोष्टी ठेवतो. पटल्या तर हात वर करा, नाही पटल्या तर इथंच बोला.

एक. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक गावात पारावर सतरंजी टाकायची. सरकारी, खाजगी, सगळी पोरं. एक गोष्ट, एक वजाबाकी, एक भागाकार. आकडे चावडीच्या फळ्यावर लिहायचे. पोरांची नावं लिहायची नाहीत, आणि येत नाही म्हणून कोणत्याही पोराला रागवायचं नाही.

दोन. शाळा व्यवस्थापन समितीची सभा संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी. कोऱ्या वहीवर कुणी सही करायची नाही.

तीन. शिक्षकाला कायद्याबाहेरचं काम दिलं तर पत्र गावाचं जाईल, मास्तरांचं नाही.

चार. शाळा बंद किंवा एकत्र करायची तर आधी ग्रामसभा, आणि पावसाळ्यातली वाट साहेबांनी स्वतः चालून पाहावी.

पाच. पंचवीस टक्क्यांचं दार उघडं राहावं, आणि तिथं गेलेल्या पोराला नववीला बाहेर काढू नये.

यात कुणाला गावच्या शाळेत बांधून ठेवायचं नाही. ज्याला व्हॅननं पाठवायचं त्यानं पाठवावं, फक्त तपासून पाठवावं. आणि गावची शाळा अशी असावी की पाठवणाऱ्यानं दोनदा विचार करावा.

पुढचा मेळावा संक्रांतीनंतर. येताना आपल्या गावचे आकडे लिहून आणा. किती पोरं बसली, किती वाचली. आम्ही आमचे आणतो.